जेवणाचं टेबल, धंद्याच्या नावावर

सुदर्शनला नोकरीवरून काढलं, हे त्यानं घरात कधी कबूल केलं नाही. 'मी स्वतंत्र झालो,' एवढंच म्हणाला. आणि स्वतंत्र होऊन केलं काय, तर नोकरी मिळत नाही अशा पोरांना नोकरी कशी मिळवावी याचे सल्ले द्यायला लागला. तेही येरवड्यातल्या राहत्या घराच्या हॉलमध्ये, लॅपटॉपसमोर बसून. वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली अर्धी चड्डी. त्याच्या आई द्वारकाबाईंनी हे मुकाट्यानं पाहिलं. पोटचा होता म्हणून मुकाट्यानं. शेजारचा असता तर त्या तोंडावर हसल्या असत्या.

मग सुदर्शनला कर वाचवण्याचं खूळ लागलं. वाचवावा एवढा कर त्याला बसत होता की नाही कोण जाणे, घर तर नम्रताच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या पगारावर चालत होतं. पण त्याचा मामेभाऊ रणजित अमेरिकेत होता. त्यानं फोनवर सांगितलं, घरातून धंदा करतोस ना, मग फर्निचरची वजावट मिळते. फक्त ते फर्निचर धंद्याखेरीज कशालाही वापरायचं नाही, घरच्यांनी वापरलं की वजावट गेली. झालं. सुदर्शननं सोफा, जेवणाचं टेबल आणि खुर्च्या, सगळ्याला खालून नंबराच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि फर्मान काढलं की आजपासून ही धंद्याची मालमत्ता.

"अरे, आणि जेवायचं कुठं?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"खाली. भारतीय बैठक उत्तम असते. उद्या चौकशीला कुणी आलं आणि टेबलावर हळदीचा डाग दिसला, तर मी काय सांगू?"

"वरच्या मजल्यावर प्रियदर्शनी आहे. चार्टर्ड अकाउंटंट आहे ती. तिला विचार तरी," नम्रता म्हणाली.

"तिला आंतरराष्ट्रीय अनुभव नाही," सुदर्शन म्हणाला.

नम्रतानं कपाळाला हात लावला आणि सतरंजी अंथरली. नवऱ्याशी वाद घालण्यापेक्षा सतरंजी झटकणं तिला सोपं वाटत असावं. खरी पंचाईत झाली द्वारकाबाईंची. त्यांचे गुडघे केव्हाच गेलेले. त्यांना बसायला हातांची खुर्ची लागे, आणि घरात हातांची खुर्ची एकच होती, टेबलाच्या टोकाची. तिथं आता सुदर्शन बसून जगाला मार्ग दाखवत होता.

तेव्हापासून त्यांचं ताट आतल्या खोलीत यायला लागलं. पलंगाच्या कडेवर बसायचं, मांडीवर ताट घ्यायचं, समोर कपाट. बाहेरून दोघांच्या बोलण्याचे आवाज यायचे, पण शब्द कळायचे नाहीत. त्यांना घास गोड लागेना. ते टेबल त्यांनीच घेतलं होतं, खडकीच्या क्वार्टरमध्ये असताना, स्वतःची भिशी लागली तेव्हा. त्यांचे यजमान सीतारामराव दारूगोळा कारखान्यातून आले की दोघं समोरासमोर बसून जेवायची. नवरा गेल्यावर दुसरं काही नाही तरी ते टेबल आणि ती खुर्ची त्यांच्याबरोबर इथं आली होती. तिथं बसून चार माणसांत जेवावं, याहून जास्त त्यांना काही नको होतं.

मग त्या भांडल्या का नाहीत? कायद्याला घाबरल्या. रोज कारखान्याच्या फाटकावर झडती देऊन घरी येणाऱ्या माणसाबरोबर त्यांचा संसार झालेला. आपल्या एका ताटापायी मुलावर बालंट यायला नको, असं त्यांना खरंच वाटायचं. एवढ्या शहाण्या बाईला या दिवट्यानं असं भिववून ठेवलं होतं.

दसरा आला. सकाळी सुदर्शननं धंद्याच्या हत्यारांची पूजा मांडली. लॅपटॉपला झेंडूची माळ, सोफ्याला माळ, टेबलाला हळदीकुंकवाची ठसठशीत पाच बोटं. हातांच्या खुर्चीला तर त्यानं वाकून नमस्कार केला. आईला करायचा राहिला.

"सुदर्शन," दारात उभ्या द्वारकाबाई म्हणाल्या, "ही हळद चालते वाटतं?"

"आई, ही धंद्याची हळद आहे."

संध्याकाळी प्रियदर्शनी सोनं द्यायला आली. सुदर्शननं तिला थेट सोफ्यावर बसवलं आणि फुकटात शाबासकी मिळवावी म्हणून आपली सगळी योजना ऐकवली. ती आपट्याचं पान हातात तसंच धरून ऐकत राहिली.

"पण दादा, तुम्ही विवरणपत्र सोप्या पद्धतीनं भरता ना? जमेतला ठरलेला हिस्सा नफा धरून?"

"अर्थात. वह्या ठेवायची कटकट नाही."

"मग त्यात सगळा खर्च आलाच. फर्निचरचा घसारासुद्धा. वेगळी वजावट मिळतच नाही."

सुदर्शन हसला. "अहो, पण घरच्यांनी वापरलं नाही तर..."

"तो नियम तिकडचा, अमेरिकेतला. आपल्याकडे वह्या ठेवल्या आणि घरातही वापर असला, तर धंद्यापुरता हिस्सा मिळतो. कुणी बसायचंच नाही असं काही नसतं." तिनं टेबलाकडे पाहिलं. "शिवाय वस्तू तुमच्या मालकीची हवी. हे तुम्ही घेतलंत?"

सुदर्शननं खिडकीबाहेर पाहिलं. नम्रतानं सासूकडे पाहिलं.

"मी घेतलंय," द्वारकाबाई म्हणाल्या.

माफी मागेल तर तो सुदर्शन कसला. प्रियदर्शनी जिना चढून गेल्यावर तो म्हणाला, "हरकत नाही. पुढच्या वर्षी पद्धत बदलू. आई, तू मला लिहून दे, हे टेबल मला दिलं म्हणून."

भिंतीला धरत द्वारकाबाई टेबलापर्यंत आल्या, खुर्चीवरची माळ काढून त्याच्या हातात दिली आणि दोन्ही हातांवर भार टाकत बसल्या. "नम्रता, आपल्या दोघींची पानं इथंच घे गं," त्या म्हणाल्या.

श्रीखंड होतं, पुऱ्या होत्या, आमटी होती. सवयीनं त्यांचा डावा हात ताटाखाली गेला, ताट मांडीवर असल्यासारखा सावरायला. त्यांच्या ते ध्यानात आलं आणि डोळे भरून आले. मुलाची कीव करायची की स्वतःची, ते त्यांना कळेना. त्या गडबडीत वाटी कलंडली आणि पिवळीधमक आमटी टेबलावर ओघळली.

माळ टाकून सुदर्शन फडकं घेऊन धावला.

"राहू दे," द्वारकाबाई म्हणाल्या. "माझ्या टेबलावर सांडलीय."