बारा कपाटांतला माल

लोखंडी कपाट बाहेरून कितीही भारदस्त दिसलं, तरी कारखान्यातून निघताना त्याच्या आत नुसती हवा असते. एवढी साधी गोष्ट कळायला मला नोकरीची सहा वर्षं लागली. कळल्यावर मात्र मी कुणाला स्वस्थ बसू दिलं नाही.

हडपसरला कपाटांच्या एका कारखान्यात मी डिस्पॅचला होते. तयार माल लॉरीत चढवून घ्यायचा, कागद करायचे आणि गाडी फाटकाबाहेर काढायची, हे माझं काम. आजूबाजूची शेतं जाऊन काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. तिथल्या कंपन्यांमध्ये सगळीकडे कॉम्प्युटर दिसतात म्हणून आमच्या मालकांनीही एक आणून माझ्या टेबलावर ठेवला आणि वर प्लॅस्टिकचं झाकण घातलं. पहिले चार महिने त्याला हार घालायचा तेवढा बाकी होता. शेवटी मीच झाकण काढलं आणि रोज कुठली गाडी कुठे गेली, किती भरून गेली, हे त्यात लिहायला लागले.

महिनाभराची यादी एका पडद्यावर बघितली आणि डोकंच फिरलं. आठवड्यातून दोनदा आमची गाडी धायरी, कर्वेनगर करून यायची. त्याच दिवशी शेजारच्या गादीवाल्याची गाडी निघायची, तीही त्याच वाटेने आणि अर्धीच भरलेली. दोन गाड्यांचं डिझेल, दोन गाड्यांचा धूर, आणि आमच्या गाडीत तर वर कपाटांत कोंडलेली हवा! मी तडक मालकांपुढे जाऊन उभी राहिले. आपल्या कपाटांच्या आत दुसऱ्यांचा माल नेऊ या, म्हटलं.

मालकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"म्हणजे आता आपण कपाटं विकायची, की टपाल वाटायचं?"

"कपाटंच विकायची. पण हवा कशाला पोचवायची?"

ते म्हणाले, "करून बघा. पण कपाटाला एक ओरखडा जरी आला, तरी दुसऱ्या दिवशी आपण इथवर यायची तसदी घेऊ नका."

पहिला माल कुणाचा, हे मी मनात आधीच ठरवलं होतं. माझ्या आईचा.

आम्ही मूळचे वऱ्हाडातले. वडिलांना इथे नोकरी लागली म्हणून पुण्यात आलो, पण पंचवीस वर्षांत आईच्या जिभेवरचं वऱ्हाड काही हललं नाही. वस्तीतल्या विहारात दुपारच्या वेळी सात-आठ बायका शिवणयंत्रं घेऊन बसायच्या, त्यांची ती म्होरकी. इतकी वर्षं या बायका एका व्यापाऱ्याचे गणवेश शिवायच्या. पाठ मोडायची यांची आणि कॉलरवर नाव त्याचं. त्या वर्षी आईने धायरीच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकांना स्वतः जाऊन गाठलं आणि पहिली ते चौथीच्या दोनशे मुलांचे गणवेश शिवायचं काम आणलं. बाईंनी एकच अट घातली. शाळा उघडायच्या दिवशी अकराच्या प्रार्थनेआधी गणवेश हवेत. नाही आले, तर नेहमीच्या व्यापाऱ्याकडून घेऊ, आणि मग पुन्हा हा विषय नको.

शिवून झाले, पण धायरीला न्यायचे कसे? टेम्पो केला असता तर शिलाईतलं काय उरलं असतं? आईने एकदा दोन गठ्ठे घेऊन बसने जाऊन बघितलं. कंडक्टर म्हणाला, "मावशी, गठ्ठ्यांना सीट देतो, तुम्ही टपावर बसा." आई ते सांगताना हसली, पण मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "तुझा माल माझ्या कपाटांतून जाईल. बघच तू."

आदल्या दिवशी संध्याकाळी बायकांनी गणवेश आणले आणि कर्वेनगरच्या दुकानासाठी लॉरीत उभ्या केलेल्या बारा कपाटांच्या खणांत इयत्तेप्रमाणे लावून ठेवले. एकही घडी मोडली नाही. गठ्ठ्यांत चेपून गेले असते तर पुन्हा इस्त्री आली असती. मी खूश! दारं वाटेत आपटू नयेत म्हणून आम्ही कपाटांना नेहमी कुलूप लावायचो. तशी मी बाराही कपाटं स्वतःच्या हाताने कुलूपबंद केली, ताडपत्री बांधून घेतली आणि घरी जाऊन मेल्यासारखी झोपले.

सकाळी मी आणि आई ड्रायव्हरशेजारी बसून धायरीला पोचलो तेव्हा सव्वानऊ झाले होते. शाळेच्या फाटकापाशी एक टेम्पो आधीच उभा होता, तयार गणवेशांनी भरलेला. व्यापाऱ्याचा माणूस टेम्पोला टेकून चहा पीत होता. आम्ही चुकायची वाट बघत होता मेला. आईने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

ड्रायव्हरकाकांनी ताडपत्री सोडली. "ताई, किल्ल्या द्या."

किल्ल्या माझ्याकडे नव्हत्याच. आमच्याकडे रीत अशी, की कपाट एका वाटेने आणि किल्ली दुसऱ्या वाटेने. वाटेत कुणी उघडू नये म्हणून सगळ्या किल्ल्या पाकिटात घालून, लाख लावून आदल्या दिवशीच दुकानदाराकडे जायच्या. सहा वर्षांची सवय. काल कुलपं लावली आणि त्याच हाताने किल्ल्या पाकिटात घालून, लाख लावून मी आमच्या सेल्समनच्या हवाली केल्या होत्या. आईचे गणवेश माझ्यासमोर होते आणि बाराही किल्ल्या कर्वेनगरला, दुकानदाराच्या गल्ल्यात. कॉम्प्युटर चालवणारी म्हणे! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"टामी हाय की," काका म्हणाले आणि सीटखालून लोखंडी पहार काढली. "एक झटका दिला की उघडंल. त्यात काय मोठं न्हाई."

"द्या झटका," मी म्हटलं.

आई मध्ये उभी राहिली. "काही नाही द्यायचा. तुही नोकरी जाईन."

"गेली तर गेली! तुझं काम जातंय ना इथे!"

"दोघींचं बुडवतं काय? माहं गेलं तर मी पुन्हा शिवीन. तू गप राय."

मी रस्त्यावरच रडायला लागले, अगदी मोठ्याने. ती मात्र मला दंडाला धरून समोरच्या फोनच्या टपरीवर घेऊन गेली. मी दुकानाचा नंबर फिरवत राहिले. दहाला दुकान उघडलं तेव्हा कुठे दुकानदारांनी फोन उचलला. मी सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "माल तपासून सही केल्याशिवाय आम्ही पाकीट फोडत नाही. कपाटात आत काय आहे, याच्याशी आमचा संबंध नाही."

आईने माझ्या हातातून रिसीव्हर ओढून घेतला.

"साहेब, आतला माल माहा हाय. मी शिवला. हे तुमची कपाटं फोडायला निघाले होते, मी फोडू दिली नाही. एक ओरखडा नाही त्यांच्यावर. आता तुम्ही नाही आले तर दोनशे लेकरं घरच्या कपड्यात उभी राहतीन, अन् मले पुन्हा कोणी काम देणार नाही. मी इथंच उभी हाओ."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. ना हो, ना नाही.

साडेदहाला एक स्कूटर शाळेपाशी थांबली. साठीचे गृहस्थ उतरले, स्कूटर नीट स्टँडवर लावली, लॉरीत चढले आणि आधी प्रत्येक कपाटाभोवती फिरून आले.  मग पाकीट फोडलं आणि एकेक किल्लीचा नंबर वाचून एकेक दार उघडत गेले, जराही घाई न करता. पहिल्या तीन कपाटांत पहिलीचे छोटे छोटे फ्रॉक आणि शर्ट, पुढच्या तीनांत दुसरीचे. आई वर चढली आणि खणातून काढून खाली देत राहिली. मी, काका आणि शाळेचा शिपाई धावत होतो.

"माझ्या दुकानात पंधरा वर्षं कपाटं आहेत," दुकानदार मला म्हणाले, "पण भरलेलं कपाट आज पहिल्यांदा बघतोय." मग चलन मागितलं आणि त्यावर लिहिलं: बारा कपाटं मिळाली, विनाओरखडा, आतून रिकामी, मागवल्याप्रमाणे.

घंटा झाली. जुन्या कपड्यांवर नवे गणवेश चढवतच मुलं रांगेत पळाली. मुख्याध्यापिका फाटकापर्यंत आल्या आणि आईला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी पाचवी ते सातवीचेही तुम्हीच कराल का?" आईने मान डोलावली आणि लगेच मुलांचा आकडा विचारला. 

पुढे मालकांनी माझं ऐकलं. गल्लीतल्या कारखान्यांचा माल एका गाडीतून जायला लागला आणि परतीच्या गाड्यांनाही मी काम शोधलं. आता लॅपटॉपवाली पोरं येऊन मला ते इंग्रजीत समजावतात. मी ऐकून घेते. गाडी भरून परत यावी म्हणून मी उभा जन्म भांडले, त्याचा मला अभिमान आहे. पण भरून परत निघालेली एक गाडी बघून जेवढा आनंद झाला, तेवढा पुन्हा कधी झाला नाही.

त्या सकाळी घंटा झाल्यावर व्यापाऱ्याचा माणूस टेम्पोत चढत होता. आई पदर खोचून त्याच्यापाशी गेली.

"काऊन दादा, भरलेलाच वापस नेता? जागा असती तं आम्ही बी हडपसरपर्यंत आलो असतो."