दुसऱ्या बाजूचा ठसा

ये, अशी जवळ सरक रेहाना. दारातूनच बोलतेस, जसं काय मी खाऊन टाकणार तुला. बहिणीची नात तू माझी, कॉलेजात इतिहास शिकवतेस, आणि फोनवर विचारतेस काय, तर "आजी, अणदूरच्या पलीकडचा तो दगड कुणाचा?" असं विचारतात होय? त्या एका प्रश्नापायी माझं काम गेलं. ऐक आता.

दगडाच्या एका बाजूचा ठसा निघाला होता. शिलालेख खात्याचे साहेब म्हणाले, "बस. सामान बांधा."

मी म्हणाले, "साहेब, मागची बाजू राहिली."

"ती राहू द्या. ती भिंतीत जाणार."

ठसा म्हणजे काय, ते आधी सांगते. दगड धुवायचा. त्यावर ओला कागद पसरायचा आणि ब्रशनं ठोकायचा, म्हणजे कागद अक्षरांत शिरतो. जरा ओल कमी झाली की कापडाच्या बोळ्यानं वरून शाई टिपायची. पुरता वाळला की सोडवायचा. काळ्यात पांढरी अक्षरं. ओला ओढला की फाटतो, म्हणून कागद दगडावर असेपर्यंत दगडाला कुणी हात लावायचा नाही. हा आमच्या कामाचा कायदा.

निजामी राज्य होतं. आमचे अब्बा सरकारी ठसेवाले. त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा मी सोबत जाऊ लागले. नाव त्यांचं, हात माझे. साहेबांना माहीत होतं, पण ठसा चांगला येतोय म्हणून गप्प होते. त्या टूरला अब्बा तापानं घरीच होते. शाळा मी पाहिली नाही. फारसी अक्षरं अब्बांनी शिकवली, बाळबोध मी दुकानांच्या पाट्या वाचून शिकले.

तो दगड बाबांच्या समाधीच्या आवारात, विहिरीपाशी उभा. आम्ही पीर म्हणतो, बाकीचे नाथ म्हणतात, बाबा दोन्ही ऐकतात. पुढच्या बाजूला फारसी. विहीर कुणी बांधली ते त्यात आहे. मागच्या बाजूला मराठी, वर चंद्र-सूर्य. तिथं लिहिलंय की दिव्याचं तेल निम्मं पिराच्या मुजावरानं घालायचं, निम्मं नाथाच्या गुरवानं. यात गुपित काही नव्हतं. सगळ्या गावाला पाठ होतं. पण ते दिवस वाईट होते. माणसं एकमेकांकडं तिरकं बघायला लागली होती. आवाराला नवी भिंत घालायची ठरली, आणि दगड तिच्यात बसवायचा, एकच बाजू दिसेल असा.

गुरवाची विधवा सोनाबाई माझ्याशेजारी येऊन बसली. पोरबाळ नव्हतं तिला. नवऱ्यामागं दिवा तीच लावायची. ती म्हणाली, "बाई, त्ये अक्षर भितीत गेलं की उद्या मला इचारतील, तू कोण? मंग म्या काय दावू?"

मी साहेबांना म्हणाले, "मागचं तुम्ही वाचलंय ना?"

"तुझ्याआधी वाचलंय." साहेब उर्दूत बोलायचे, मी तुला मराठीत सांगते. "वाचणं वेगळं, दाखवणं वेगळं. आणि तू कुणाची लेक आहेस ते विसरू नकोस."

"ठसेवाल्याची," मी म्हणाले.

तेवढ्यात पाटील आले. मला वाटलं, हे तरी भिंत अडवतील. ते म्हणाले, "साहेब, दगड फिरवा. आमचं अक्षर भायेर, तुमचं आत." झालं. दोघं तासभर भांडले, बाजू कुठली यावर. भिंत नको, असं एकाच्याही तोंडून निघालं नाही. गवंडी बिचारा चुना कालवून बसलेला.

मी उठले. मागची बाजू धुतली, कागद चढवला आणि ठोकला.

साहेब ओरडले, "कुणाच्या हुकुमानं?"

"कागद चढला साहेब. आता काढला तर फाटंल."

साहेबांनी कागदाकडं नेलेला हात मागं घेतला. हाडाचा विद्वान माणूस. ओला ठसा त्यांनी जन्मात कधी ओढला नव्हता आणि ओढणार नव्हते, हे मला ठाऊक होतं. म्हणाले, "वाळला की बघतो तुझ्याकडं."

पण वाळू कोण देतंय? कोपरा सुटला की मी पाण्याचा हात फिरवायची.

"वाळला का?"

"न्हाय साहेब. हवा दमट हाय."

मराठवाड्यातलं ऊन डोक्यावर होतं. गवंडी तोंड फिरवून हसला.

सोनाबाई मधेच उठून गेली होती. ती आली ती बायका घेऊनच. गुरुवार होता. बाळंतीण सव्वा महिन्यानं बाळ घेऊन त्या दगडाला फेरी घालते. घर कुठलंही असो. कुणी तेलाचं बोट लावतं, कुणी संदल म्हणजे चंदन, दोन्ही अंगांना. त्या दिवशी फेरी होती पाटलांच्या सुनेची, आणि बाळ धरायला मुजावराची म्हातारी आई.

सून कागदाला धक्का न लावता फिरली. मग पदर सावरून, खाली बघतच म्हणाली, "मामंजी, भितीत गेल्यावर फेरी कुठनं घालायची?"

पाटील पागोटं सारखं करायला लागले. म्हातारी म्हणाली, "बोला की पाटील. तुमचीबी फेरी ह्या हातांनीच घातलीया."

गवंड्यानं थापी धुऊन पिशवीत टाकली. म्हणाला, "घरी माझी बी पोटुशी हाय. म्या न्हाय लावत हात." दुसरा गवंडी त्या भागात मिळाला नाही.

मग मी शाई लावली. असा ठसा त्याआधी कधी आला नव्हता मला. साहेबांनी तो उजेडात धरून नीट बघितला, गुंडाळला आणि नेला. रिपोर्टात मात्र एकच बाजू छापली. पुढच्या टूरला आम्हाला बोलावणं आलं नाही.

अब्बांनी विचारलं, "काम गेलं?"

"गेलं."

"ठसा फाटला न्हाय ना?"

"न्हाय."

"मंग जेव."

यातून शिकायचं असेल तर इतकंच शीक. दगडाला दोन बाजू असतील तर ठसे दोन घ्यावेत. कुणाचा म्हणून विचारणाऱ्याला म्हणावं, आधी फिरून ये. सोनाबाई मरेपर्यंत दिवा लावत होती. तिच्यामागं भावकीतल्या पोरानं घेतला. दगड अजून मोकळा उभा आहे.

आता तुला बाळ होईल, ते सव्वा महिन्याचं होईल. माहेरपणाला इकडंच ये, आणि गुरुवार बघून ये. माझे गुडघे गेलेत, पण बाळ धरायला हात चांगले आहेत. उशीर करू नकोस.