एकाच माणसाची गोष्ट

सेनगाव तालुक्यात गेल्या कित्येक वर्षांत जी लग्नं झाली, ती भटजींनी नाहीतर काझींनी लावली असा लोकांचा समज आहे. तो साफ चुकीचा आहे. ती सगळी आमच्या पत्रिकावाल्या चाचांनी लावली. मुहूर्त कुणीही काढो, अक्षता कुणीही टाको, चाचांच्या छापखान्यातून कार्डांचा गठ्ठा बाहेर पडल्याशिवाय इकडे लग्न ठरलं असं कुणी मानत नाही. कार्डात कुणाचं नाव कुणाच्या वर घ्यायचं, आणि कोणते दोन चुलते एका ओळीत आले तर मांडवात जुंपेल, हे सगळं त्यांच्या डोक्यात असतं. नवरदेवाचा बाप नावं सांगत असतो तेव्हा चाचा चष्मा कपाळावर चढवून नुसते ऐकतात आणि शेवटी हळूच विचारतात, "अन् तुमचे साडू? त्यांचं काहून न्हाई?" बाप कपाळावर हात मारतो, साडू कार्डात येतात आणि एक लग्न सुखरूप पार पडतं. "नाव राहिलं की माणूस येतो बराबर, पण जेवत न्हाई," असं चाचा म्हणतात, आणि हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. ते का, ते पुढे येईलच.

गेल्या हिवाळ्यात आमच्या वाचनालयानं नवशिक्यांसाठी ललित लेखनाचा एक छोटा वर्ग काढला. रविवारी सकाळी, वरच्या मजल्यावर, सतरंजीवर बसून. मी साखरा गावच्या शाळेत शिकवते. निवृत्त होणाऱ्या प्रत्येक गुरुजींचं निरोपाचं भाषण माझ्याच गळ्यात पडतं, आणि ती सगळी भाषणं एकाच गुरुजींची वाटायला लागली होती, म्हणून मी वर्गात नाव घातलं. शिकवायला हिंगोलीच्या कॉलेजातले एक तरुण सर एसटीनं येत. वर्गात कॉलेजची पोरं-पोरी असतील असं मला वाटलं होतं. जाऊन बघते तर पहिल्या रांगेत इस्त्रीचा पांढरा सदरा, कानात अत्तराचा फाया आणि मांडीवर कागदांचा गठ्ठा घेऊन चाचा बसलेले. कागद म्हणजे वाया गेलेल्या लग्नपत्रिकाच, पाठ कोरी असलेल्या. त्यांनी त्या सगळ्यांना वाटल्या. "लिहा मोकळ्या मनानं. लग्न मोडलंय, कोणी मागायला येणार न्हाई," ते म्हणाले. सरांनी पहिल्याच दिवशी 'विरह' या विषयावर लिहायला सांगितलं, तेव्हा मला वाटलं, कागद तरी अगदी योग्य मिळाला.

दुसऱ्या रविवारी सरांनी सांगितलं, सकाळच्या चहावर दहा ओळी लिहा. कुणी वाफेवर लिहिलं, कुणी आईच्या बांगड्यांवर. मी चहातल्या आल्यावर लिहिलं आणि मनातल्या मनात खूश झाले. चाचा उभे राहिले. त्यांच्या चहात आधी म्हैस आली, मग म्हशीचे मालक आले, मालकांचे वडील आले, दूध घालायला येणारा मालकांचा भाचा आला, साखर देणारे किराणावाले सहकुटुंब आले, स्टो दुरुस्त करणारे आले आणि या सगळ्या गर्दीत चहा काही येईना. सरांनी अदबीनं विचारलं, "चाचा, चहा कधी पिणार?" चाचा म्हणाले, "सगळे आल्याबिगर कसा प्यायचा, सर?" सरांनी खडू खाली ठेवला आणि त्या दिवशी पुढे काही शिकवलं नाही.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर स्टँडजवळच्या टपरीवर मी त्यांना विचारलं, "चाचा, खरं सांगा, तुमी काहून आलात या वर्गाला?"

"भाईजानसाठी," ते म्हणाले.

पुसेगावला त्यांचे थोरले भाऊ असतात, शेती करतात. बाप लवकर गेल्यावर चाचांना त्यांनीच वाढवलं, धंद्याला लावलं, लग्न करून दिलं. काही वर्षांपूर्वी चाचांच्या मुलीचा निकाह झाला. अख्ख्या तालुक्याची नावं सांभाळणाऱ्या या माणसानं लेकीच्या लग्नाचा रुक्का, म्हणजे पत्रिका, स्वतः बसून जुळवला. त्यात व्याह्यांचे मेहुणे आले, शेजारचे शिंपी आले, वऱ्हाड आणणारा जीपवालासुद्धा आला, आणि थोरल्या भावाचं नाव राहून गेलं. कसं राहिलं ते चाचांना आजही सांगता येत नाही. कार्डं घरोघर गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. थोरले लग्नाला आले, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि जेवणाच्या दस्तरखानाकडे न बघता जीपमध्ये जाऊन बसले. तेव्हापासून ते सेनगावच्या बाजाराला येतात, छापखान्यासमोरून जातात, पण आत पाऊल टाकत नाहीत. चाचांनी यावर काय उपाय केला, तर महिन्याभरानं रुक्का नव्यानं छापला. त्यात थोरल्यांचं नाव सगळ्यात वर, नवरीपेक्षा मोठ्या अक्षरात, सोनेरी शाईत. तो घेऊन ते पुसेगावला गेले. थोरल्यांनी तो शांतपणे वाचला आणि विचारलं, "पोरीचं लग्न पुन्हा लावून राहिला का?"

"आता मी त्यांच्यावर गोष्ट लिवणार," चाचा मला म्हणाले. "शेवटच्या रविवारी कार्यक्रम हाय, घरच्या लोकांना बोलवायचं हाय. भाईजान समोर बसले अन् मी वाचलं, बस झालं. मग न्हाई बोलले तरी चालंल." असं म्हणून त्यांनी बशीतला चहा इतका वेळ फुंकला, की न बोललेलं त्यांना अजिबात चालणार नाही हे मला कळलं.

आता गोष्ट लिहायची तर कला आली पाहिजे, आणि चाचांच्या हाताला वळण पडलेलं पत्रिकेचं. त्यांच्या एका गोष्टीत चोर होता. त्याला त्यांनी 'चि. चोर' लिहिलं. सरांनी कारण विचारलं तर म्हणाले, "लग्न झालेलं न्हाई त्याचं." त्याच गोष्टीत चोराला पकडणारी म्हातारी 'गं. भा.' होती आणि हवालदार 'श्रीमान'. सर म्हणाले, गोष्टीत एखादा वाईट माणूस लागतो. चाचा दोन रविवार त्यावर विचार करून आले. त्यांचा वाईट माणूस नेहमी जिल्ह्याबाहेरचा असे, आणि शेवटच्या परिच्छेदात तोही सुधारून लेकरांना खाऊ वाटे. "इथलाच वाईट माणूस काढला तर त्याच्या घरचे कार्ड दुसऱ्याकडं जातीन, सर. तुमाला काय, तुमी एसटीनं जाऊन राहिले." गोष्ट कितीही दुःखाची असो, शेवटी 'तरी सर्वांनी अगत्य यावे' असं काहीतरी त्यांच्या पेनातून आपसूक उतरे. एकदा नायकाला त्यांनी मोठ्या धाडसानं मारलं, आणि खाली लिहिलं, 'आपली उपस्थिती हीच आमची शोभा'. आम्ही हसून हसून आडवे झालो. चाचाही हसले, पण ओळ खोडायला तयार होईनात. ओळ चांगली आहे, असं त्यांचं म्हणणं.

आणखी एक तऱ्हा सांगायची राहिली. तरुणपणी छपाईचे शिशाचे खिळे, म्हणजे उलटी अक्षरं, जुळवून जुळवून त्यांना उलटं वाचायची सवय लागलेली. ते माझ्यासमोर बसत आणि मी लिहीत असताना पलीकडून सगळं वाचत. मी वाक्य पुरं करायच्या आत त्यांना हसू फुटे, नाहीतर ते 'च् च्' करत. मला याचा इतका राग येई की मी एकदा हातानं कागद झाकला. तेव्हा ते म्हणाले, "बाई, झाकू नका, मावशी आता बोलणारच हाय ना?" माझ्या गोष्टीतली मावशी खरंच पुढच्या ओळीत बोलणार होती. मी निमूटपणे हात काढून घेतला.

शेवटी एका रविवारी सरांनी त्यांना बाजूला घेतलं. "चाचा, एक कराल का? गोष्टीत एकच माणूस ठेवा. फक्त भाईजान. बाकी कुणी नाही." चाचांचा चेहरा उतरला. पुढचे दिवस मी शाळेतून आले की छापखान्यात डोकावत असे. चाचा पेन्सिलीनं एकेक नाव खोडत बसलेले असत, आणि खोडताना पुटपुटत, "माफ करा धोंडीबा. माफ करा गफूर." मला हसू येई आणि मग येत नसे. होता होता गोष्ट चार पानांवरून एका पानावर आली.

कार्यक्रमाची पत्रिका छापायची नाही, असं सरांनी चाचांकडून कबूल करून घेतलं होतं. म्हणून चाचांना आयुष्यात पहिल्यांदा हात हलवत आमंत्रण द्यायला जावं लागलं. "तुमी सोबत चला, बाई," ते म्हणाले. "तुमच्यासमोर भाईजान रागावणार न्हाईत." आम्ही पुसेगावला गेलो तेव्हा थोरले अंगणात बाजेवर बसून तूर निवडत होते. दोघं भाऊ एरवी एकमेकांशी घरची दखनी बोलतात, माझ्यासाठी मराठी निघाली.

"सलाम, भाईजान."

"सलाम. बाई, बसा तुमी." चाचांना बसा म्हटलं नाही. चाचा उभेच राहिले.

मी वर्गाचं सांगितलं, कार्यक्रमाचं सांगितलं. थोरल्यांनी तुरीतून खडे वेचत ऐकून घेतलं.

"कार्ड कुठंय?"

"कार्ड न्हाई छापलं," चाचा म्हणाले. "तोंडानं सांगायला आलो."

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "काय लिवलं?"

"तुमच्यावर लिवलं."

"किती लोक हायेत त्याच्यात?"

"एकच. तुमी."

"वाच."

चाचांनी उभ्या उभ्या वाचलं. एक माणूस लहान भावाला सायकलच्या नळीवर बसवून पुसेगावहून हिंगोलीला नेतो. छापखान्याच्या मालकापुढे उभा राहून म्हणतो, याला शेत जमायचं न्हाई, याला अक्षरं द्या. भावाला तिथे सोडतो आणि रिकामी सायकल घेऊन एकटाच परत निघतो. एवढीच गोष्ट. मी तिचे सगळे खर्डे ऐकले होते, तरी ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी वाटली. सरांचं म्हणणं किती खरं होतं, असा विचार करत मी थोरल्यांकडे बघत राहिले.

थोरले म्हणाले, "सायकल कोणाची व्हती?"

"गफूरची."

"मग त्याचं नाव कुठंय? त्यानं सायकल दिली अन् सवता दिवसभर पायी फिरला."

"सर म्हणाले, एकच माणूस ठेवा."

"तुझे सर व्हते का सायकलवर?"

चाचा माझ्याकडे बघायला लागले. मी तुरीकडे बघायला लागले.

"अन् वाटंत पंक्चर झालं तव्हा धोंडीबा हातातला घास टाकून उठला. अम्मानं भाकरी बांधून दिली. कोणीच न्हाई याच्यात. मी एकटाच गेलो का हिंगोलीला?" थोरल्यांनी बाजेवरचं सूप उचलून खाली ठेवलं. "बस इथं. उभ्यानं काय लिवशील."

चाचा बसले, पण जपून, बाजेच्या अगदी कडेला. मग एक सांगतोय आणि एक लिहितोय, असं दोघांचं सुरू झालं. इतक्या आठवड्यांत माफी मागून घालवलेली माणसं एकेक करून परत आली, आणि चाचांचा चेहरा असा उजळला की मी मनातल्या मनात सरांची क्षमा मागितली. पान भरून गेलं तेव्हा थोरल्यांनी बोट ठेवून विचारलं, "अन् हे नळीवरलं पोरगं कोण? नुसतं लहान भाऊ, लहान भाऊ करून राहिला. त्याला नाव न्हाई का?"

"माझं कशाला, भाईजान."

"लिव."

चाचांनी मान खाली घालून लिहिलं. कार्यक्रमाला येणार का, असं मी निघताना विचारलं, तर थोरले म्हणाले, "बघू. तुरीचं काम हाय." परतीच्या जीपमध्ये चाचा कागदाची घडी घालत आणि उलगडत बसले. भाईजान येतो म्हणाले नाहीत, हेच त्यांच्या डोक्यात घोळत होतं.

पण शेवटच्या रविवारी थोरले सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या रांगेत बसले होते, धुतलेला सदरा घालून, मांडीवर टोपी ठेवून. चाचा वाचायला उभे राहिले. गफूर आला, धोंडीबा आला, अम्मा आली, सरांनी डोळे मिटून घेतले. मग नळीवर बसलेल्या मुलाचं नाव आलं, आणि चाचांनी ते दुकानाच्या पाटीवर आहे तसं, बापाच्या नावासकट, ठणठणीत वाचलं.

"हे पाटीवरलं झालं," पहिल्या रांगेतून थोरले म्हणाले. "घरचं सांग."

सगळे हसले. चाचांची नातवंडं बसली होती, सुना बसल्या होत्या. चाचांनी दोनदा तोंड उघडलं, पण लहानपणचं ते नाव त्यांच्यानं या सगळ्यांसमोर सांगवेना. तेव्हा थोरल्यांनी स्वतःच ते मोठ्यानं उच्चारलं, शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जेवायला हाक मारावी तसं. ते नाव मी इथे लिहीत नाही, ते त्या दोघांचं आहे. चाचांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि गोष्ट शेवटपर्यंत वाचली. शेवटी 'सर्वांनी अगत्य यावे' होतंच.

माझे आईवडील गेले, मागच्या वर्षी मोठी बहीणही गेली. मला बाई म्हणणारे, वहिनी म्हणणारे, काकू म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि मी सुखात आहे. पण घरच्या नावानं मला हाक मारील असं माणूस आता कुठल्याच गावात उरलेलं नाही. त्या दिवशी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवताना मला चाचांचा फार हेवा वाटला.