विमा प्रतिनिधीची प्रतिक्रिया

"शेवटपर्यंत वाचलं." त्यांची प्रत्येक प्रतिक्रिया या दोन शब्दांनी सुरू व्हायची. मग लेखातली एखादी गोष्ट उचलून त्यावर चार-पाच वाक्यं, मग एक शंका, आणि सगळ्यात खाली स्वतःचं पूर्ण नाव, त्याखाली 'विमा प्रतिनिधी', त्याखाली मोबाईल नंबर. आता तुम्हीच सांगा, अशा माणसाच्या चार-पाच वाक्यांवर कोण विश्वास ठेवील?

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात मराठीत ब्लॉग लिहिणारे मूठभर. त्यात हे काका येऊन पडले. सगळे त्यांना काकाच म्हणत. म्हसावदपासून खांडबाऱ्यापर्यंत मोटारसायकलवर फिरून त्यांनी आयुष्यभर लोकांचे विमे उतरवले होते. साठी उलटल्यावर त्यांना ब्लॉग काढायची हुक्की आली. कुणीतरी त्यांच्या कानात घातलं की नव्या माणसानं आधी दुसऱ्यांच्या ब्लॉगवर जावं, नीट वाचावं, मनापासून लिहावं, म्हणजे लोक आपल्याकडे वळतात. काकांनी ते गिऱ्हाईक जोडण्याइतकंच मनावर घेतलं.

पण सवय जाते कुठे! एखाद्यानं आजोबांच्या आठवणी लिहिल्या की काका विचारणार, "आजोबा गेले तेव्हा त्यांचं वय काय होतं? घरात आणखी कुणाला दम्याचा त्रास?" माझी खांडबाऱ्याची एक मैत्रीण तिथल्या स्टेशनवर आणि बाजारावर फार छान लिहिते. तिनं काकांची प्रतिक्रिया पहिल्याच दिवशी पुसून टाकली आणि मला फोन केला. "तू उत्तर देऊ नकोस. आज शंका विचारतोय, उद्या फॉर्म घेऊन दारात उभा राहील."

मला ते पटलं. त्यातून काका आमच्या कोरीट गावातल्या घरी येणारे. सासऱ्यांच्या वेळेपासूनची ओळख. हप्ते आता मोबाईलवरून भरले जातात, तरी काका महिन्या-दोन महिन्यांनी येत, ओट्यावर पाय दुमडून बसत आणि सासूबाईंना विचारत, "मावशी, घरमा सर्वा बरा शेत ना?" हा प्रश्न ते इतक्या काळजीनं विचारत की मला आपल्याच घरात कुणीतरी आजारी असल्यासारखं वाटे.

एकदा कुतूहल म्हणून मी त्यांचा ब्लॉग उघडला. कुठल्या फाट्यावर रस्ता उखडलाय, कुठल्या गावी चहात साखर जास्त घालतात, कुणाच्या अंगणातला कडुनिंब पडला, असलं सगळं. खाली एकही प्रतिक्रिया नाही. मी गुपचूप बंद केला. खूण मागे ठेवायची माझी तयारी नव्हती.

त्याचं कारण होतं. माझा ब्लॉग टोपणनावाचा. मी नंदुरबारच्या एका शाळेत शिकवते, आणि ऑफ तासाला स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसून मोबाईलवर घरातलं लिहिते. घरातलं म्हणजे मुख्यतः सासूबाईंचं. गावाचं नाव नाही, कुणाचं नाव नाही. त्यांना वाचता येत नाही, नवऱ्याला वाचायला वेळ नाही, त्यामुळे मी निर्धास्त होते आणि लेखणी चांगली तिखट झाली होती. हे सासूबाईंच्या कानावर गेलं असतं तर त्या घरात मला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

आणि तिथेच काका येऊन पोचले. मी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या भाकरीवर लिहिलं होतं. नवी नवरी असताना मी केलेली पहिली भाकरी सासूबाईंनी पाहुण्यांच्या देखत ताटातून उचलली आणि म्हशीपुढे टाकली, ती हकिगत. वाचणाऱ्या बायकांनी हळहळून कायकाय लिहिलं. त्यात ही एक प्रतिक्रिया. "शेवटपर्यंत वाचलं. वर्णन उत्तम. एक शंका. भाकरी मधोमध कच्ची होती का? कच्ची भाकरी पाहुण्यांनी खाल्ली असती तर गावात नाव कोणाचं निघालं असतं, सुनेचं की सासूचं?"

मी चरकले. भाकरी कच्ची होती. ते मी लिहिलंच नव्हतं.

पुढे मी बाळंतपणावर लिहिलं. मला दवाखान्यात ठेवलं होतं आणि सासूबाई दोन दिवस फिरकल्या नाहीत, याचा राग माझ्या मनातून अजून गेला नव्हता. तो सगळा ओतला. काकांचं उत्तर आलं. "शेवटपर्यंत वाचलं. डोळ्यात पाणी आलं. सासूबाईंना त्या दोन दिवसांत ताप असण्याची शक्यता आहे. बाळाला बाधू नये म्हणून त्या आल्या नसतील. कृपया घरी विचारून पाहावे."

विमा प्रतिनिधीला माझ्या सासूच्या तापाशी काय करायचंय? मी त्यांच्यावर पाळत ठेवायला लागले. ते आले की मी कान टवकारून चहा करायची. ओट्यावर दोघांची हळू आवाजात कुजबुज चाललेली असे. काका मोबाईल हातात धरून वाकलेले, सासूबाई पदर तोंडाला लावून ऐकताहेत. मी कप घेऊन बाहेर आले की काका मोबाईल मांडीवर पालथा घालत आणि म्हणत, "या ताई, शाळा काय म्हनस?"

मला वाटलं, म्हातारीकडून कसलातरी नंबर वदवून घेताहेत. हल्ली काय काय ऐकतो आपण. नवऱ्याला सांगितलं तर तो हसायला लागला. "आईले या वयमा कोन पॉलिसी दी? तू काहीबी बोलस."

शेवटी एकदा मी कप त्यांच्यापुढे ठेवला आणि तिथेच उभी राहिले. "काका, आईंना काय दाखवता एवढं?"

काकांनी बशीत चहा ओतला. "काही नही ताई. गोष्टी शेत."

"कसल्या गोष्टी?"

"घरोघरन्या," ते म्हणाले आणि फुर्रकन चहा प्यायले. सासूबाई खांबाला टेकून समोरच्या गल्लीकडे बघत राहिल्या. दोघांचे चेहरे असे की विचारणारीनंच वरमावं. मी वरमले नाही, पण आत गेले.

त्या उन्हाळ्यात काका यायचे बंद झाले. सुरतेला मुलाकडे गेले होते, तिथे पोटाचं दुखणं निघालं आणि तिथेच वारले. बातमी आली तेव्हा सासूबाई नंदुरबारला त्यांच्या घरी जाऊन बसून आल्या. आल्यावर जेवल्या नाहीत. ओळखीचा माणूस गेला, वाईट वाटणारच, असं मी धरून चालले. खरं सांगायचं तर मला थोडं सुटल्यासारखंही वाटलं.

मी पुढचा लेख टाकला. त्याखाली बायकांनी फुलं टाकली, हात जोडले, 'मस्त' म्हटलं. शंका कुणालाच नव्हती. मी उगीचच पुन्हा पुन्हा खाली सरकवून पाहत राहिले. तेव्हा कळलं की तो लेख शेवटपर्यंत कुणी वाचलाच नव्हता, आणि मला ते लागलं.

रविवारी दुपारी मी ओट्यावर मेथी निवडत होते. सासूबाई येऊन शेजारी बसल्या. एक जुडी ओढून घेतली आणि पानं खुडत म्हणाल्या, "तुन्हं नवं काय लिखेल शे?"

माझ्या हातातली काडी हातातच राहिली.

"तो गया," त्या म्हणाल्या. "आते माले कोन वाची दखाडी?"

मग त्यांनीच सांगितलं. काका त्यांना कुठल्या कुठल्या ब्लॉगवरचं चांगलं काही वाचून दाखवायचे. माझा ब्लॉग कुणाचा हे त्यांना ठाऊक नव्हतं. भाकरीची हकिगत अर्ध्यावर आली आणि सासूबाईंनी त्यांचा हात धरला. "मी सांगं, थांब भाऊ, हाई तं मन्ही सून शे. आनि लिख तिले, भाकर कच्ची व्हती."

"आणि ताप?"

"ताप व्हता ना माले." त्या पानं खुडत राहिल्या. "तू कधी इचारं का?"

म्हणजे माझा संशय खरा होता, हे मी आजही ठासून सांगते. ते माझ्याच ओट्यावर बसून माझंच लिखाण माझ्याच सासूला वाचून दाखवत होते. फक्त तिचं म्हणणं ते माझ्यापर्यंत आणून पोचवत होते, आणि माझं नाव त्यांनी दुसऱ्या कुठल्याही ओट्यावर काढलं नाही. मला त्यांचा राग आला, आणि ते हवे होते असंही वाटलं, दोन्ही एकदमच.

"आई, त्यात तुमच्याबद्दल वाईट पण लिहिलंय," मी म्हटलं.

"माले माहीत शे. वाच."

मी हात पदराला पुसले, मोबाईल उघडला आणि वाचायला लागले. लवकर संपावं म्हणून भरभर वाचत सुटले. दोन-चार ओळी झाल्या असतील, सासूबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"हळू वाच," त्या म्हणाल्या. "तो हळू वाचे."