एकेचाळिसाव्या पानाच्या पुढे

आमच्या घरी रोज सकाळी मैद्याची खळ शिजायची, आणि ती चुलीवर असतानाच आई तिच्यात मोरचूद टाकायची. खरं तर मोरचूद घालतात तो कागदाला कसर लागू नये म्हणून, आणि तो खळ उतरवल्यावर घालतात. आईला ते ठाऊक होतं. पण एकदा मी गरम खळीत बोट घालून चाटताना तिला सापडले होते, तेव्हापासून ती आधीच खळ निळी करून टाकायची. मैदा वाचनालयाचा असायचा, पुस्तकं चिकटवण्यासाठी दिलेला. घरात त्या दिवशी दुसरं पीठ असेलच असं नव्हतं. निळी खळ खाल्ली तर माणूस मरतो, असं आईने मला सांगून ठेवलं होतं. मी भुकेली त्या पातेल्यासमोर बसायची आणि नुसता वास घ्यायची. तो वास आला की मला अजून भूक लागते.

खळ नानांसाठी शिजायची. नाना म्हणजे माझे वडील, धुळ्यात सगळे त्यांना दगडू बाइंडर म्हणत. सहा आठवड्यांपूर्वी ते गेले. मी जळगावच्या शाळेत नववीच्या वर्गावर होते, शिपायाने तार आणून दिली. एस.टी.ने धुळ्याला पोहोचेपर्यंत तिसरा प्रहर उलटून गेला होता. शेजाऱ्यांनी सांगितलं, सकाळी पुस्तकाला पुठ्ठा लावता लावता मान खाली गेली, ती वर आलीच नाही. शिकंजात एक पुस्तक तसंच दाबलेलं होतं. ते कोणी काढलं नव्हतं… मीच काढलं.

आम्ही मूळचे दोंडाईच्याकडचे. तिथे पाऊस झाला तर पीक, नाही तर काही नाही. नाना तरुणपणी धुळ्यात आले आणि एका म्हाताऱ्या बाइंडरच्या हाताखाली जुजबंदी, म्हणजे पुस्तकांची शिवण-बांधणी, शिकले. त्यांना एक अक्षर वाचता येत नव्हतं. अंक मात्र सगळे यायचे, कारण पुस्तकाचे फॉर्म, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या, क्रमाने लावायचे तर पानांचे आकडे कळावे लागतात. हजारो पुस्तकं त्यांच्या हातून गेली. प्रत्येकाचं कुठलं पान कुठे आहे ते त्यांना माहीत असायचं, त्यावर काय लिहिलंय ते नाही.

तरीही धुळ्यात पुस्तकांवर सर्वांत खरं मत देणारा माणूस म्हणजे माझे वडील, असं मी आज बी.ए., बी.एड. होऊन सांगते. वाचनालयात टेबलावर एक अभिप्राय वही असायची. वाचक तिच्यात लिहायचे : ‘पुस्तक उत्तम. प्रत्येकाने संग्रही ठेवावे.’ नाना त्या वहीकडे बघायचेही नाहीत. ते पुस्तक हातात घेऊन कडेने पानं सोडायचे आणि सांगायचे. रहस्यकथेचा शेवटचा फॉर्म सगळ्यात आधी निखळतो, म्हणजे लोक आधी खुनी कोण ते पाहतात. थोर माणसाचं चरित्र बालपणापुरतं मळतं, पुढे कोरं. स्वयंपाकाच्या पुस्तकात लोणच्यांच्या पानावर हळदीचा अंगठा, मुरांब्याचं पान स्वच्छ. भविष्याच्या पुस्तकात प्रत्येक जण आपली रास तेवढी मळवतो. फैजपूरकडच्या कोणा वाचकाने केळीच्या लागवडीचं पुस्तक नेलं होतं, ते असं चिखलाने माखून आलं की ग्रंथपाल संतापले. नाना म्हणाले, “हाईच एक पुस्तक खरं वाचेल शे.”

ही विद्या आम्हाला महागात पडली. वाचनालयाच्या समितीत एक वकीलसाहेब होते. त्यांनी एका जाडजूड प्रवासवर्णनावर अभिप्राय वहीत पानभर मजकूर लिहिला होता. लेखकाची निरीक्षणशक्ती, भाषेचा ओघ, सगळं त्यात होतं. त्या पुस्तकाला खास कापडी बांधणी करायची ठरली आणि नानांना बोलावलं. समिती बसलेली. नानांनी पुस्तक उघडलं, पुन्हा मिटलं आणि विचारलं, “साहेब, याना फॉर्म तं आजून कापेलच नहीत. तुम्ही वाचं कसं?”

त्या काळी काही पुस्तकं कडा न कापताच यायची, जोडलेली पानं वाचणाऱ्याने सुरीने सोडवायची. ती कोणीच सोडवली नव्हती. कोणीतरी हसलं, आणि ते हसणं आम्हाला भोवलं. पुढचं वर्षभर वाचनालयाचं काम दुसऱ्याकडे गेलं. आई म्हणाली, “तुमना तोंडले कुलूप नही शे का?” नाना म्हणाले, “मी काय खोटं बोलनू?” आई म्हणाली, “खरं शिजाडीसन खाशात का मंग?” आणि दुसऱ्या दिवसापासून ती जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायला जाऊ लागली.

जिनिंगमध्ये हवेतही कापूसच असतो. आई घरी यायची तेव्हा तिच्या भुवया पांढऱ्या असायच्या. आधी खोकला लागला, मग ताप, मग एक दिवस पदरावर लाल दिसलं. पदर तिने मुठीत दाबून धरला होता, पण मी पाहिलं. तोवर ग्रंथपालांनी रदबदली करून नानांना परत कामावर घेतलं होतं. आई मात्र जिनिंगला जातच राहिली.

एका रविवारी दुपारी नाना बांधणीच्या गठ्ठ्यातून एक पातळसं पुस्तक घेऊन माझ्यासमोर बसले. क्षयरोगाची माहिती देणारं पुस्तक होतं ते. नानांना ते नावाने नव्हे, हाताने ठाऊक होतं. आतापर्यंत चार वेळा त्यांनी ते बांधलं होतं. दर वेळी ते एकाच ठिकाणी मोडायचं, एकेचाळिसाव्या पानावर. ते पान तेलकट, दुमडलेलं आणि जागोजागी फुगलेलं होतं. कागदावर पाणी पडून वाळलं की फुगतो तसं.

“हाई पान वाच,” नाना म्हणाले.

मी आठवीत होते, वर्गात पहिली. मी मनात वाचलं. रोग वाढत गेला की काय काय होतं ते त्या पानावर लिहिलं होतं. अंग झडतं, रक्त पडतं, आणि मग आशा राहत नाही. पान तिथेच संपत होतं. आई आतून ऐकत होती.

मी वर न बघता म्हटलं, “आराम करायचा, दूध प्यायचं, मग बरं वाटतं, असं लिहिलंय.”

आतून आई हसली. “आराम कोन करी व माय? तू का?”

नाना हसले नाहीत. त्यांनी पानावरच्या फुगवट्यांवरून बोट फिरवलं. हळू आवाजात, तिला ऐकू जाणार नाही असं, त्यांनी मला विचारलं, “मंग लोके अठे रडतस काबर?”

लोक इथे का रडतात, ते त्यांनी माझ्या तोंडावरून वाचलं. मग अंगठ्याने पुढची पानं सोडली. सगळी पांढरी, कडक, छापखान्यातून आल्यासारखी. चार वेळा बांधलेल्या पुस्तकाची पानं, पण कोणाचं बोट त्यांना लागलं नव्हतं.

“म्हंजे पुढे काहीच नही,” नाना म्हणाले, आणि पुस्तक मिटलं.

त्यानंतर घरात औषधाचा विषय निघाला नाही. शेजारच्या अक्का एकदा म्हणाल्या, मोठ्या दवाखान्यात तरी दाखवा. नानांनी नाही म्हणून मान हलवली. आईला जिनिंगमधून काढून घेतलं, दूध मिळेल तेव्हा दूध दिलं. होळीच्या आधी ती गेली. शेवटचे आठ दिवस तिला उताणं झोपवत नव्हतं, मी पाठीला पाठ लावून बसायची. तिच्या हाडांचा स्पर्श मला अजून आठवतो, मुद्दाम आठवायला लागत नाही.

मी मॅट्रिक झाले, कॉलेजात गेले. आमच्या आळीतली कॉलेजात जाणारी मी पहिली मुलगी, आणि ते मी मिरवलंही. नाना फारसं बोलत नसत. दुष्काळाची वर्षं सुरू झाली होती. लोक पुस्तकं कमी नेत, त्यामुळे ती कमी फाटत. नाना रिकामे बसू लागले. एक दिवस फॉर्म घडी करायची हाडाची पट्टी हातात फिरवत ते म्हणाले, “माई, माले वाचाले शिकाड.”

मी विचारलं, आता कशाला? ते म्हणाले, “दुसराना तोंडनं किती ऐकू?” ते माझं खोटं विसरले नव्हते. रागावलेलेही नव्हते. ते नुसतं लक्षात ठेवलेलं होतं.

पन्नाशी ओलांडलेला माणूस, डोळ्यांवर साऱ्याचा पडदा आलेला. रद्दी फॉर्मांवर मी अक्षरं गिरवून द्यायची. जोडाक्षरांपाशी ते हटकून अडायचे आणि छापणाऱ्याला शिव्या द्यायचे. दीड वर्ष लागलं. मग त्यांनी ग्रंथपालांकडून पहिलं पुस्तक कुठलं मागून आणलं ते मला विचारायची गरज पडली नाही. रोज दुपारी ते दारात उजेडाला बसायचे आणि बोट ठेवून एकेक ओळ चालायचे. एकेचाळिसाव्या पानाला त्यांना चार दिवस लागले असतील.

एका दुपारी मी कॉलेजातून आले तर ते दारात तसेच बसले होते, पुस्तक मांडीवर उघडं. सत्तावन्नावं पान होतं. मला म्हणाले, “बस.” आणि स्वतः वाचून दाखवलं, अडखळत, एकेक शब्द. उपचारांचं प्रकरण तिथे सुरू होत होतं. आता या रोगावर इंजेक्शनं आणि गोळ्या आहेत, सरकारी दवाखान्यात मिळतात, मध्ये न सोडता पुरी मुदत घेतल्या तर रोगी बरा होतो, असं लिहिलं होतं. एकेचाळिसाव्या पानावर जे होतं ते औषध न घेतल्यास काय होतं त्याचं वर्णन होतं. मी आठवीत पहिली आलेली मुलगी. मला वाचता येत होतं.

वाचून झाल्यावर नानांनी पानं मागे उलटत एकेचाळिसावं काढलं. मग म्हणाले, “माई, तू पान उलटाडं नही ना?”

मी नाही म्हटलं.

“मी बी नही उलटाडं.”

एवढंच. त्यानंतर त्यांनी हा विषय कधी काढला नाही, मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं. मळलेलं पान म्हणजे वाचलेलं पान, हे त्यांचं गणित बरोबर होतं. कोरं पान म्हणजे त्यावर काही नाही, हे त्यांनी त्याला जोडलं आणि तिथे चुकले. मी तर शिकलेली असून चुकले.

दोन दिवसांनी त्यांनी धुतलेला सदरा घातला आणि मला बरोबर घेऊन वाचनालयात गेले. वीस वर्षं ते मागच्या दाराने गठ्ठे घेऊन आत जात होते. त्या दिवशी पुढच्या दाराने गेले आणि ग्रंथपालांना म्हणाले, मला सभासद व्हायचंय. झाल्यावर अभिप्राय वही मागितली. नेमके वकीलसाहेब वर्तमानपत्र वाचत बसले होते. चष्म्यावरून बघत म्हणाले, “काय दगडू, आता तू अभिप्राय देणार? पानं मोजून की वाचून?”

“दोन्ही करीसन, साहेब,” नाना म्हणाले.

लिहायला त्यांना फार वेळ लागला. टाक घट्ट धरल्याने बोटं पांढरी पडली होती. लिहून झाल्यावर वकीलसाहेबांनी वही आपल्याकडे वळवली आणि वाचली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. वही नानांपुढे सरकवून ते म्हणाले, “शाई वाळू द्या, मग मिटा.” नानांना त्यांनी ‘दे’ न म्हणता ‘द्या’ म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

ते पुस्तक नानांनी पाचव्यांदा बांधलं, या वेळी कोणी न सांगता. सोळा पानांच्या फॉर्मच्या बरोबर मधोमध शिवणीचा दोरा दिसतो, आणि पुस्तक तिथे सहज उघडतं. सत्तावन्नावं पान नशिबाने अशाच मध्यावर येत होतं. नानांनी तिथली शिवण किंचित सैल ठेवली, आणि तिथेच उघडून आठवडाभर शिकंजाखाली ठेवलं.

नानांचे दिवस झाल्यावर मी त्यांची हत्यारं आवरली. आरी, पट्टी, खळीचं निळं पडलेलं पातेलं. शिकंजात सापडलेलं पुस्तक परत करायला वाचनालयात गेले, तेव्हा कपाटातून ते जुनं पातळ पुस्तक मागून घेतलं. टेबलावर कण्यावर उभं धरून सोडलं. सत्तावन्नावर उघडलं. मी पानं कडेने सोडली, नाना सोडायचे तशी. सत्तावन्न, अठ्ठावन्न, साठ, सत्तर… कोपरे काळे झालेत. एका पानावर गोळ्यांच्या वेळांखाली पेन्सिलने रेघा ओढल्यात. एकावर हळदीचा अंगठा आहे. शेवटचं पान सुटायला आलंय, बांधायला हवं.

अभिप्राय वहीत त्यांचं मत अजून आहे, अक्षरं वरखाली झालेली : ‘४१ वर थांबू नका. ५७ वाचा. मी थांबलो होतो. – दगडू बाइंडर, सभासद.’

माझ्या वडिलांनी आयुष्यात एक पुस्तक पुरं वाचलं आणि एक मत लिहिलं. त्या पुस्तकाची सगळी पानं आता मळलेली आहेत.