रोमन कुणाच्या खाडीत उतरले

आमचे हे दुबईत एका जहाज कंपनीच्या एजंटाकडे क्लार्क होते. साठच्या दशकातली गोष्ट. मोठी जहाजं तेव्हा बाहेर समुद्रातच उभी राहायची आणि माल होड्यांतून खाडीत यायचा. त्या मालाचे कागद बघणं हे ह्यांचं काम. घरी आले की पहिलं वाक्य ठरलेलं, "यल्ला, वाढ लवकर." एक दिवस मात्र आले ते दारातच उभे राहिले, डोक्यावरची टोपीही काढली नाही. म्हणाले, "तुला माहितीय का, आपल्या दाभोळला रोमन आले होते."

मी भाकऱ्या थापत होते. म्हटलं, "कधी? आणि जेवायला थांबणार आहेत का?"

"अगं, दोन हजार वर्षांपूर्वी!"

झालं होतं असं, की विलायतेहून एक प्रोफेसर आले होते. रास अल खैमाच्या बाजूला जुनी खापरं शोधायला जायचं होतं त्यांना. पण त्यांच्या पेट्या चुकीच्या लाँचवर चढून बहारीनला गेल्या. पेट्या परत येईपर्यंत प्रोफेसर ह्यांच्या टेबलासमोर खुर्ची टाकून बसून राहायचे. बसल्या बसल्या त्यांनी ह्यांना सगळा इतिहास सांगितला. रोमन आणि ग्रीक व्यापारी म्हणे मिसरहून, म्हणजे इजिप्तहून, तांबड्या समुद्रातून निघायचे, पावसाळी वारा पकडायचे आणि आपल्या किनाऱ्यावर मिरी न्यायला, कापड न्यायला यायचे. तुम्ही कुठले, असं त्यांनी ह्यांना विचारलं. ह्यांनी दाभोळ सांगितलं. प्रोफेसरांनी नकाशा पसरला, कोकणावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "पॉसिबली, समव्हेअर हिअर."

ह्यांनी 'पॉसिबली' ऑफिसातच सोडलं आणि बाकीचं घरी आणलं.

शुक्रवारी दुपारी मामू जेवायला आले. मामू म्हणजे माझ्या आईचे चुलतभाऊ. बाजारात त्यांचं अत्तराचं आणि कापडाचं दुकान होतं. माझं माहेर चौलकडचं, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातलं. मामूही तिथलेच. ह्यांनी पहिल्या घासालाच रोमनांचा विषय काढला.

मामूंनी माशाचा काटा बाजूला ठेवला. "दामादमियाँ, रोमनांना अक्कल होती. ते चौलला उतरले. दाभोळला कशाला मरायला जातील?"

"चौलच्या खाडीत गाळ आहे, मामू. होडी शिरताना रुतते."

"आज आहे. तेव्हा कुठे होता? गाळ नंतर पोर्तुगीजांनी आणला."

"पुरावा?"

"पुरावा काय मागता? आमच्या आजीचे डोळे घारे होते. ते काय आभाळातून पडले?"

ह्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग अगदी अदबीने म्हणाले, "म्हणजे आजीबद्दल आपल्याला नेमकं काय म्हणायचंय?"

आपण काय बोलून बसलो ते मामूंना कळलं आणि ते कानापर्यंत लाल झाले. मी घाईघाईने भात वाढला.

पण विषय आमच्या घरात राहिला नाही. आम्ही राहायचो त्या देरा भागातली कोकणी मंडळी रत्नागिरीवाले आणि कुलाबेवाले अशी दोन बाजूंना झाली. चहाच्या टपरीवर बाकं वेगळी झाली. ज्यांना आपल्या गावची ग्रामपंचायत कुणाच्या ताब्यात आहे हे ठाऊक नव्हतं, त्यांना रोमन कुठल्या घाटावर उतरले, कुठल्या विहिरीचं पाणी प्याले, सगळं ठाऊक होतं. जयगडच्या एकाने तर आपल्या घरामागचा दगड रोमन असल्याचं शपथेवर सांगितलं. तो दगड तिथे त्याच्याच वडिलांनी बैलगाडीतून आणून टाकला होता, हे त्याचा सख्खा भाऊ सांगत होता. पण भाऊ कुलाब्यात लग्न करून बसलेला, म्हणून त्याचं कुणी ऐकलं नाही.

शेवटी ठरलं की प्रोफेसर रास अल खैमाहून परत आले की त्यांचंच भाषण ठेवायचं आणि एकदाचं खलास करून टाकायचं. आमच्या घरमालकाने आपलं अंगण दिलं. म्हातारा अरब, पूर्वीचा मोत्यांचा व्यापारी. तरुणपणी मुंबईला मोती विकायला जायचा, त्यामुळे हिंदी चांगलं बोलायचा. असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर अंगणात चटया पसरल्या. आम्ही बायका जिन्यावर पडद्याआड बसलो. प्रोफेसर उन्हाने टोमॅटोसारखे झाले होते. ते इंग्रजीत बोलणार आणि हे त्याचं आमच्या भाषेत करणार, असा बेत होता. मामूंनी त्याला हरकत घेतली होती. पण इतकं इंग्रजी दुसऱ्या कुणाला येत नव्हतं.

सुरुवात झकास झाली. तिकडच्या श्रीमंत बायकांना आपलं तलम कापड फार आवडायचं, असं प्रोफेसर म्हणाले आणि मामू जणू स्वतःच्या दुकानाची तारीफ चालल्यासारखे मान डोलवू लागले. मग प्रोफेसर म्हणाले, त्या बदल्यात ते लोक तुमच्याकडे वाइन आणायचे, मोठमोठे रांजण भरून.

हे अडखळले. समोर दोन हाजी बसलेले. "आणि त्या बदल्यात ते आपल्याकडे... द्राक्षाचं सरबत आणायचे."

"माशाल्ला," हाजी म्हणाले.

तुमच्या किनाऱ्यावर तिला भारी मागणी असायची, असं प्रोफेसर पुढे म्हणाले.

"सरबताला आपल्याकडे भारी मागणी असायची. हवाच तशी ना आपली."

मग प्रोफेसर गावांकडे वळले. अंगणात कुणी हलेना. त्यांनी सांगितलं, त्या काळच्या एका ग्रीक भूगोलवाल्याने चौलचा उल्लेख केलेला आहे, मोठा बाजार म्हणून. मामू उठले आणि चारी बाजूंना सलाम करून आले, जणू तो बाजार त्यांनीच बसवला होता. ह्यांचा चेहरा पडला. पण प्रोफेसर थांबले नव्हते. चौलच्या दक्षिणेचा किनारा, ते म्हणाले, त्या माणसाने नुसता पायरेट्सचा मुलूख म्हणून लिहून ठेवलाय.

ह्यांनी खाकरून घेतलं. "चौलच्या दक्षिणेला... समुद्रावर देखरेख ठेवणारे लोक राहायचे."

रत्नागिरीवाले खूश झाले. इतक्यात भिंतीला टेकून बसलेला घरमालक ताठ झाला. "पायरेट? वो पायरेट बोला ना?"

हे डोक्यावरची टोपी सारखी करू लागले.

"देखरेख नहीं, हबीबी. ये एक इंग्लिश लफ़्ज़ हमको मालूम है. अंग्रेज़ हमारे दादा को यही बोलता था. डाकू! समुंदर का डाकू!" आणि म्हातारा इतका हसला, इतका हसला, की त्याला पाणी द्यावं लागलं.

त्यानंतर अंगणात जे सुरू झालं त्याला भाषण म्हणता येणार नाही. मामू उभे राहून ओरडत होते, "नकाशा मी काढलेला नाही, दामादमियाँ! दक्षिणेला म्हणजे दक्षिणेला! दाभोळ कुठे आहे?"

हेही मागे हटले नाहीत. "लुटीचा माल विकायला बाजार लागतो, मामू! मोठा बाजार कुठे होता? साहेबांनी आत्ताच सांगितलं!"

महिनाभर ज्यांनी रोमनांना आपापल्या गावाकडे ओढलं, तेच आता चाच्यांना एकमेकांच्या गावात ढकलत होते. जयगडवाला म्हणाला, तो दगड वडिलांनी आणला होता. प्रोफेसर भारावून बघत होते. त्यांनी ह्यांना विचारलं, हे काय म्हणताहेत?

"दे आर थँकिंग यू, सर," हे म्हणाले.

मग मामूंनी आमच्याकडे येणं सोडलं. दाभोळकडची बाई म्हणून माहेरच्या बायका मला टोमणे मारू लागल्या आणि माहेरचं नाव काढलं की घरात हे तोंड फिरवायचे. सगळ्यात वाईट म्हणजे चौलहून येणारी सुकट मामूंच्या दुकानावरून यायची, तीही बंद झाली. मी घरमालकाच्या बायकोपाशी रडले. म्हाताऱ्याने दोघांना निरोप धाडून बोलावलं, समोर कहवा ठेवला. घरमालकाला नाही म्हणायची हिंमत दोघांत नव्हती.

"क्यों लड़ता है तुम लोग?" म्हातारा म्हणाला. "हमारा दादा बोला, हमारे पानी से जाता है तो कुछ देके जाओ. अंग्रेज़ बोला, डाकू. आज खाड़ी पे कस्टम का ऑफिस है. वो भी लेता है. उसको कोई डाकू बोलता है?"

हे जिना चढून वर आले ते डोळे चमकवतच. "चाचे नव्हतेच गं ते! कस्टम खातं होतं!"

पुढच्या शुक्रवारी मामू सुकटीचं पुडकं घेऊन हजर झाले. कस्टम खातं मान्य, पण हेड ऑफिस चौललाच असणार, हे त्यांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं. ह्यांचं म्हणणं, मोठी जहाजं दाभोळलाच थांबायची, तेव्हा खातंही तिथलंच. मामू म्हणाले, एवढी मोठी जहाजं दाभोळच्या खाडीत मावलीच नसती. आता खाडीची खोली मोजल्याशिवाय निकाल लागणार नव्हता.

पुढच्या वर्षी आम्ही सुट्टीवर गावी गेलो, तर मामू आपली सुट्टी घेऊन मागोमाग दाभोळला आले. दोघं सकाळी निघायचे. दोरीला दगड बांधायचे, होडीतून खाडीत ठिकठिकाणी तो सोडायचे आणि ओला दोर बघून भांडायचे. अंगात इस्त्रीची पँट, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात नकाशा. त्या काळी दुबईहून चोरटं सोनं भरून लाँची कोकणात यायच्या, हे किनाऱ्यावर सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं. ह्या दोघांनाही होतं, पण आपल्याला कुणी त्यात धरेल हे त्यांच्या डोक्यात आलं नाही.

एक दिवस कस्टमचे साहेब दोन शिपाई घेऊन आमच्या ओटीवर आले.

"खाडीत काय मोजताय?"

"रोमन जहाज कुठे लागत असेल ते बघतोय," हे म्हणाले.

"रोमन." साहेबांनी लिहून घेतलं. "ही कुणाची लाँच?"

"लाँच नाही हो साहेब. दोन हजार वर्षांपूर्वी..."

"ते जाऊ द्या. आता कधी येणार आहे?"

मामू भिंतीला लागून उभे होते. त्यांचा धीर सुटला. "साहेब, माझा ह्यात काही संबंध नाही. मी चौलचा आहे."

"चौलचे?" साहेबांनी पहिल्यांदाच मान वर केली. "म्हणजे तिकडेही तुमची माणसं आहेत?"

दोघांच्या ट्रंका उघडल्या. अत्तराच्या बाटल्या, बनियन, एक ट्रान्झिस्टर. ट्रान्झिस्टर खोलून बघितला. माझ्या सासऱ्यांनी अर्धा गाव साक्षीला उभा केला, तेव्हा कुठे दिवस मावळता मावळता साहेब गेले. जाताना नकाशा मात्र घेऊन गेले. मागच्या अंगणात मी पदर तोंडात कोंबून हसत होते. पुढे जाऊन ह्यांच्याकडे बघितलं आणि माझं हसू पळालं. ओटीच्या पायरीवर बसून ते ट्रान्झिस्टरचे स्क्रू जुळवत होते आणि ते पुन्हा पुन्हा हातातून निसटत होते. मामू शेजारी बसून एकेक स्क्रू उचलून त्यांच्या हातात देत होते.

दुबईला परतल्यावर पुन्हा दर शुक्रवारी मामू येऊ लागले. जेवताना दोघं क्रिकेटवर बोलायचे. त्यात ना चौलचं कुणी होतं ना दाभोळचं, त्यामुळे मलाही चार घास निवांत खाता यायचे.