शेल्यातलं बटण

लग्नातल्या दिव्यांचा मला आधीपासूनच तिटकारा. आमची शेवंतीची शेती आहे, मखमलाबादच्या पुढे. सकाळच्या उन्हात फुलाचा रंग कसा दिसतो हे जन्मभर पाहिलेल्या बाईला लॉन्सवरचा तो जांभळा-निळा झगमगाट बघवत नाही. पण लग्न लेकीचं आणि हौसही तिचीच. त्यामुळे औरंगाबाद रोडवरचं ते लॉन्स ठरलं आणि लॉन्सबरोबर त्यांचा दिवाही आमच्या गळ्यात पडला.

दिवा म्हटलं की लाइटवाल्याला राग यायचा. ती 'सिस्टिम' होती. नवरीच्या अंगावर शर्टाच्या बटणाएवढी एक वस्तू लावायची, मग ती जिथे जाईल तिथे दिवा आपोआप वळणार. कॅमेराही त्याच बटणाच्या मागे फिरणार आणि सगळं मोठ्या पडद्यावर दिसणार. "आणि काकू, डोळ्यांवर अजिबात येत नाही," तो म्हणाला. "ज्याच्यावर पडतो त्याला कळतसुद्धा नाही. नवरी डोळे मिचकावणार नाही, फोटो खराब होणार नाहीत." एवढं सांगून तो बाजूच्या कुंडीत पचकन थुंकला. शेवंतीही त्यालाच नको होती. खरी फुलं या उजेडात भडक दिसतात, म्हणे. फूल पिकवणाऱ्याच्या घरचं लग्न आणि मांडवाला कापडी फुलं! मला शिसारी आली, पण मी तोंड दाबून बसले.

लेकीनं मला एकच ताकीद दिली होती. "आई, रडायचं नाही हं. सगळं रेकॉर्ड होतं, मग तेच बघत बसतात लोक. आणि तू रडलीस की माझंही काही खरं नाही." मी हो म्हटलं. हो म्हणायला माझं काय जात होतं? माझी सोय मी आधीच बघून ठेवली होती.

आमच्यात लग्न लागताना मुलीच्या आईनं बघायचं नसतं. मंगलाष्टकं सुरू झाली की तिनं तुळशीपाशी जायचं, मांडवाकडे पाठ करून उभं राहायचं आणि तुळशीला पाणी घालायचं. असं का, ते माझ्या आईनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण आईला रडायला तेवढी तरी जागा असावी म्हणून कुणा शहाण्या बाईनंच हे काढलं असणार, असं मला वाटतं. घरात पाहुणे आणि दारात मांडव, त्यात मी महिनाभर आवंढे गिळत होते ते त्या तुळशीच्या भरवशावर.

गोरज मुहूर्त होता. निम्मं वऱ्हाड द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकलेलं, त्यामुळे अंधारून आलं तरी लग्न लागेना. शेवटी लेक निघाली. अंगावर हिरवा शेला, शेल्याच्या आतल्या बाजूला ते बटण. दिवा खरंच तिच्यामागे पाळलेल्या कुत्र्यासारखा चालत होता. माझा नवरा व्याह्यांना कोपर मारून मारून दाखवत होता. ती स्टेजवर चढली, मधे अंतरपाट धरला गेला, माझा भाऊ मामा म्हणून तिच्या मागे उभा राहिला. मी तिच्या शेजारून निघणार तेवढ्यात तिनं शेला काढून माझ्या खांद्यावर टाकला. "गार आहे आई, घे," म्हणाली.

तुळस पार गेटजवळ होती. तिथे छान मऊ उजेड होता. लॉन्सवाल्यांना एवढी तरी अक्कल आहे म्हणून मी मनात त्यांचं भलं चिंतलं. तांब्यातलं पाणी घातलं आणि मग जी सुरू झाले ती थांबेचना. हमसून हमसून रडले. तोंड वेडंवाकडं झालं, नाक वाहायला लागलं. रुमाल कुठे ठेवला ते सापडेना, मग पदरातच नाक शिंकरलं. मागे 'सावधान' ऐकू येत होतं. लोकांची थोडी कुजबुजही होती. ती नवरा-नवरीबद्दल असेल, असं मला वाटलं.

वाजंत्री वाजली, तशी तोंड पुसून मी हसतमुखानं मांडवात आले. जाऊबाई धावत आल्या. "लय भारी दिसली तू! शिंकरलं ना पदरात, तवा मला बी रडू फुटलं!"

तेव्हा मला कळलं. बटण शेल्यात, शेला माझ्या खांद्यावर. दिवा माझ्यामागे आला होता, गेटवरचा कॅमेराही माझ्याकडे वळला होता. मंगलाष्टकांसाठी बाकीचे दिवे मंद केलेले, त्यामुळे स्टेजवर अंधार आणि घराएवढ्या पडद्यावर मी, वाहत्या नाकासकट. लोकांनी अक्षता टाकल्या त्या माझ्याकडे बघत. सिस्टिमला माणूस लागत नाही, म्हणून माणूस जेवायला गेला होता. मी त्याला बुफेपाशी गाठलं. ताटात जिलेबीचा डोंगर. "सॉरी काकू, ऑटोवर होतं," बोटं चाटत तो म्हणाला, "पण फुटेज एक नंबर आलंय."

व्याह्यांच्या बहिणीनं पाकानं चिकट झालेल्या हातानं मोबाइल माझ्यापुढे धरला. तिनं पडद्याचाच व्हिडिओ काढला होता. "किती नॅचरल!" म्हणाली. बाथरूमचं दार कुणी उघडावं आणि वर कौतुक करावं, तसं मला झालं. पुढच्या आठवड्यात तो व्हिडिओ रडक्या गाण्यावर चढून सगळ्या ग्रुपवर फिरला. ज्यांना लग्नाला बोलावलं नव्हतं त्यांनीही हात जोडल्याची चित्रं पाठवली.

लेक पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा माझी गाडी पुन्हा लाइटवाल्यावर घसरली. मेला, थुंक्या, कामचोर. ती पाटावर बसून शेवंतीचे देठ खुडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याला नको शिव्या देऊ. बटण शेल्यात आहे हे मला माहीत होतं."

मी हातातली शेवंती खाली ठेवली.

"चढताना पायरीवरच घशात दाटून आलं होतं. तो दिवा हलेचना अंगावरून. मला तेवढाच वेळ हवा होता गं. तू पाठमोरी असशील, पाणी घालून येशील, असं वाटलं. तू रडशील असं वाटलंच नाही. तू कबूल केलं होतंस."

"मग? रडलीस?"

"खूप. अंतरपाट होता ना मधे. मामाचा रुमाल पार चिंब झाला."

माझ्या भावानं यातलं अक्षरही मला सांगितलं नव्हतं. लेकीचा राग आला. तो आला हे मी लपवत नाही, चांगलं खडसावलंही तिला. मग मीच तिला तो व्हिडिओ लावायला सांगितला. तोवर मी तो एकदाही धड पाहिला नव्हता. गाणं बंद केलं. माझं ते भिजलेलं, किळसवाणं थोबाड पडदाभर होतं आणि माझ्या खांद्यामागे, लांब, स्टेज. मी चष्मा लावून तिथं बघत राहिले. लेक कुठे दिसतेय का, मागे भाऊ दिसतोय का, ते शोधलं. पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा शोधलं. तिथं अगदी काळाकुट्ट अंधार होता, काहीसुद्धा दिसत नव्हतं.

"बरं झालं," मी म्हटलं आणि फुलांची टोपली जवळ ओढली.